कांद्याचे कुंकू

नांदेड, वजिराबाद
२० जुलै १९९७, गुरुपौर्णिमा

श्री. वीरेश बेलकुंडे,
संचालक, अचूक क्लासेस, लातूर.

नमस्कार.

गुरुवार, १७ जुलै रोजी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी आपण कु. देविका मुखेडकर हिला नववीच्या मेरिट बॅचमधून उठवलेत, दप्तरासह जिन्यात उभे केलेत आणि दुसऱ्या दिवसापासून पत्र्याखालच्या सर्वसाधारण बॅचमध्ये बसवलेत. वेळ मला नेमकी ठाऊक आहे, कारण तिच्या मनगटावरचे घड्याळ मीच दिलेले आहे. कारण मात्र काल फोनवर कळले, आणि माझा चहा तसाच निवला.

देविका माझ्या भावाची नात. तिचे वडील आलोक निलंग्याला बँकेत आहेत आणि लातूरच्या क्लासवाल्यांना देवापेक्षा किंचित जास्त मानतात. मी मानत नाही. मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि नांदेडच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. सूक्ष्मदर्शकाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही, आणि आपण तर प्रयत्नही नीट केलेला नाही.

त्या दिवशी म्हणे आपल्या काचेच्या कपाटातून सूक्ष्मदर्शक एकदाचा बाहेर आला. मुलांना रांगेत उभे करून कांद्याचा पापुद्रा दाखवला. आपल्या छापील 'अचूक नोट्स'मध्ये त्याची आकृती आहे. तीत तांबडे ठिपके आहेत, उजवीकडे तीन एकत्र आणि डावीकडे एक एकटा, आणि बाण काढून लिहिले आहे 'केंद्रक'. देविकाने पाहिले. ठिपके होते. मग तिने नेत्रिका, म्हणजे ज्या भिंगाला आपण डोळा लावतो ती, जरा फिरवली. ठिपकेही फिरले.

इथे विज्ञान संपले आणि आपली शिस्त सुरू झाली. स्लाइडवरची वस्तू नेत्रिका फिरवल्याने जागची हलत नाही. फिरते ती नेत्रिकेला लागलेली घाण. आमच्या सिस्टर अगाथांनी हे मला हातावर पट्टी मारून शिकवले, मी देविकाला लाडू देऊन. तिने नम्रपणे म्हटले, "सर, हे केंद्रक नाहीत, भिंगाला काहीतरी लागलंय." आणि आपण तिला बाहेर काढलेत.

तिला तिच्या जागेवर परत बसवावे. शिवाय आपण नावापुढे 'प्रा.' लावता ते प्राध्यापकातले की प्राथमिकातले, तेही कळवावे.

चंद्रप्रभा कंधारकर


अचूक क्लासेस, लातूर
२८ जुलै १९९७

आदरणीय कंधारकर बाई,
सादर प्रणाम.

आपले पत्र मिळाले. आमच्याकडे निकालाविषयी पुष्कळ पत्रे येतात, भिंगाविषयी हे पहिलेच. आपण ज्येष्ठ आहात म्हणून ऑफिसवर न सोपवता स्वतः उत्तर देत आहे.

रंगद्रव्य लावले की केंद्रक तांबडे दिसतात हे कोणत्याही पुस्तकात आहे. ती आकृती मी स्वतः यंत्रात पाहून काढून घेतलेली आहे. गेली तीन वर्षे आमची मुले तीच आकृती काढून पैकीच्या पैकी गुण घेत आहेत. बाई, ज्या ठिपक्यांना बोर्ड गुण देते, ते ठिपके घाण कसे असतील?

आता 'नम्रपणे' या शब्दाविषयी. आपली नात त्या दिवशी काय बोलली ते तिने आपल्याला सांगितलेले दिसत नाही. भरलेल्या वर्गात ती म्हणाली, "सर, कांद्याला कुंकू कुणी लावलं? कांदा सवाष्ण आहे का?" बॅच हसली. त्यानंतर त्या तासाला शिस्त उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलेले होते, 'सौ. कांदाबाई लसणे यांचेकडे सायंकाळी हळदी-कुंकू आहे, अगत्य यावे.' मी त्या वर्गात 'केंद्रक' हा शब्द उच्चारू शकत नाही. उच्चारला की मागच्या बाकावरच्या मुली बाकाखाली जातात.

देविका हुशार आहे, हे मलाही मान्य आहे. तिने 'मी जे पाहिले ते चुकीचे पाहिले' एवढे एका ओळीत लिहून द्यावे, मी तिला परत घेईन. गणपती बसले की मेरिट बॅचचे दार बंद होते. मग मीही काही करू शकत नाही.

'प्रा.' हे प्रामाणिकपणातले आहे असे समजावे.

आपला नम्र,
वीरेश बेलकुंडे


नांदेड
३१ जुलै १९९७

चि. देविकास अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद अनेक आहेत, प्रश्नही तेवढेच आहेत.

तुझ्या सरांचे पत्र आले. 'भिंगाला काहीतरी लागलंय' हे वाक्य त्यात कुठेच नाही. दुसरेच एक वाक्य आहे. ते मी आधी बसून वाचले, मग उठून वाचले, मग शेजारच्या शरणम्माबाईंना वाचून दाखवले. त्यांना ठसका लागला, पाणी द्यावे लागले. तरीही सांगते, ते वाक्य उद्धट होते. ते बरोबरही होते. हे दोन वेगळे विषय आहेत आणि मी दोन्हींचा निकाल वेगवेगळा लावणार आहे. उद्धटपणाची माफी तू मागशील, वर्गासमोर उभी राहून मागशील. पण जे पाहिले ते पाहिले नाही असे लिहून द्यायचे नाही. बापाने पाया पडून सांगितले तरी नाही.

आणि मला फोनवर 'नम्रपणे' कशाला ऐकवलेस? मी तो शब्द जसाच्या तसा पुढे पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी क्लासवाल्याने माझी चूक काढली, आणि ती खरी निघाली. हे मी सहजासहजी विसरणार नाही.

आता नीट उत्तर दे. पापुद्र्याला रंग दिला होता का? स्लाइड काढून रिकाम्या मंचावर पाहिलेस का? आणि ते कुंकूच कशावरून? जगात तांबडे पुष्कळ काही असते.

मेसमध्ये भात कच्चा असतो म्हणतेस, तर तो सोडून भाकरी खा.

आत्याआजी


लातूर
५ ऑगस्ट १९९७

ती. आत्याआजीस साष्टांग नमस्कार.

'नम्रपणे' हा शब्द मी नम्रपणे मागे घेते.

रंग दिलाच नव्हता. कांदा मेसमधून आणला होता आणि पापुद्रा व्यंकटीकाकांनी काढला, कोशिंबिरीला काढतात तसा जाड. व्यंकटीकाका म्हणजे आमच्या क्लासचे शिपाई. रिकामा मंच मी मुद्दाम पाहिला नाही, तो आपोआप रिकामा झाला. माझ्या आधीच्या मुलाचा कोपर लागून स्लाइड टेबलाखाली पडली. कुणाला कळलं नाही. माझा नंबर आला तेव्हा वर काहीच नव्हतं आणि केंद्रक दिसत होते. मला बाहेर काढल्यावर उरलेल्या रांगेनंही तसेच पाहिले आणि वहीत काढले. कांदा टेबलाखाली, केंद्रक वर.

कुंकू कशावरून ते सांगते. मंचाच्या चिमट्याखाली मला हळद लागलेला तांदळाचा दाणा सापडला. म्हणून मी व्यंकटीकाकांना विचारलं.

"काका, यंत्राला कुंकू कोण लावतं?"

"मीच की. दसऱ्याला. झेरॉक्सला लावतो, टाइपरायटरला लावतो, समद्यांला लावतो."

"भिंगाला?"

"मग काय पायाला लावू? देवाला कपाळालाच लावतेत न्हवं. ह्याचा डोळा म्हंजे कपाळच की. वरची नळी काढायची, दोन्हीकडून बोट टेकवायचं, परत घालायची."

"आणि नंतर पुसत नाही?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं मी काही शिवी दिली. म्हणाले, "कुंकू कोण पुसतंय गं पोरी. काय बोलायलीस."

बाबा रविवारी एसटीनं आले. म्हणाले, "लिहून दे की एक ओळ. एका ओळीनं काय मरण येतंय का?" मी म्हटलं, "तुम्ही बँकेत लिहून देता का, मी मोजलं ते चुकीचं मोजलं म्हणून?" मग त्यांनी मला पेढे घेऊन दिले. पण गाडी लागल्यावर खिडकीतून परत म्हणाले, "गणपतीच्या आत लिही बरं का."

आत्याआजी, मला वर परत जायचंय. इथं पत्र्यावर पाऊस लागला की सरांचे नुसते ओठ हलतात आणि आम्ही अंदाज बांधतो. भूमितीत अंदाज चालत नाही. पण ती ओळ माझ्या हातून लिहवत नाही. दोनदा बसले. 'मी जे पाहिले ते' इथपर्यंत येते आणि पेन थांबतं.

आणखी एक गंमत. माझ्या खोलीतली अंबिका, उदगीरची, ती समोरच्या 'अव्वल क्लासेस'ला जाते. त्यांच्या नोट्समध्येही कांदा आहे. त्यालाही ठिपके आहेत. उजवीकडे तीन, डावीकडे एक. आणि त्यांच्याकडे तर सूक्ष्मदर्शकच नाही.

तुमची,
देविका

ता. क. सौ. कांदाबाई मी नव्हे. ते कुणाचं अक्षर आहे ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही.


नांदेड
९ ऑगस्ट १९९७

श्री. बेलकुंडे यांस नमस्कार.

आपला सादर प्रणाम पोहोचला, ठेवून घेतला आहे.

'नम्रपणे' हा शब्द मी परत घेते. सवाष्णीच्या वाक्याबद्दल देविका वर्गासमोर माफी मागेल, त्याची हमी माझी. पण 'चुकीचे पाहिले' असे ती लिहिणार नाही, कारण त्या दिवशी त्या वर्गात बरोबर पाहणारी ती एकटीच होती. रंगद्रव्याचे म्हणाल तर रंग दिलाच नव्हता. आणि निम्म्या रांगेने केंद्रक पाहिले तेव्हा कांदा टेबलाखाली पडलेला होता. व्यंकटींना विचारा, झाडताना त्यांना सापडला असेल.

तुम्ही स्वतः यंत्रात पाहून आकृती काढली म्हणता. मला आनंद आहे. मग एक लहानशी गोष्ट करा. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींतून बारीक टाइपातला एक 'र' कापा. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात सरळ ठेवा, म्हणजे तुम्हाला वाचता येईल असा. वर पातळ काच ठेवा. सगळ्यात कमी ताकदीचे भिंग लावा, आरशाने खिडकीचा उजेड पकडा आणि पाहा. जे दिसेल ते मला लिहून कळवा. बाकी काही नको.

ही परीक्षा नाही. मी निवृत्त झाले आहे.

चंद्रप्रभा कंधारकर


अचूक क्लासेस, लातूर
१४ ऑगस्ट १९९७

आदरणीय बाई,

आपल्या सूचनेप्रमाणे मी स्वतः प्रयोग केला. 'र' हे अक्षर पुष्कळ मोठे, ठळक व सुबक दिसले. शिरोरेषा वर, सरळ आणि जाड. आरंभी थोडे धूसर होते, स्क्रू फिरवल्यावर दुरूनही वाचता यावे इतके स्पष्ट झाले. यावरून यंत्र निर्दोष असल्याचे सिद्ध होते.

ठिपक्यांबाबत चौकशी चालू आहे. देविकाच्या एका ओळीची वाट पाहत आहे.

वीरेश बेलकुंडे


नांदेड
१७ ऑगस्ट १९९७

श्री. बेलकुंडे,

हे मुद्दाम कार्डावर लिहिते आहे, म्हणजे वाटेत ज्याला वाचायचे असेल त्याला वाचता येईल.

संयुक्त सूक्ष्मदर्शकात प्रतिमा उलटी दिसते. वरचे खाली, डावीकडचे उजवीकडे. तुमच्या 'र'ची शिरोरेषा खाली दिसायला हवी होती. तुम्हाला ती वर दिसली. म्हणजे एकतर तुम्ही शीर्षासनात पाहिलेत किंवा पाहिलेच नाही. चौकातल्या फलकावरच्या तुमच्या फोटोचे वर्णन देविकाने केले आहे, त्यावरून शीर्षासन संभवत नाही.

आता खरेच पाहा. भिंग खाली आणताना डोळा नळीला लावू नका. बाजूने बघत, काचेला टेकणार नाही असे खाली आणा. मग वरून बघत हळूहळू वर न्या. लोक उलटे करतात आणि काच फोडतात. दुसरा डोळा मिटू नका, तोंड वेडेवाकडे होते आणि मुले हसतात. तुमची आधीच हसून झाली आहेत.

व्यंकटी म्हणतात, कुंकू कोण पुसतंय. त्यांना सांगा, नेत्रिका मऊ कापडात गुंडाळून माझ्याकडे पाठवा, मी पुसते. माझे स्वतःचे पुसून झाले आहे. कांद्याचे पुसायला मला काही वाटणार नाही.

चं. कं.


लातूर
२२ ऑगस्ट १९९७

आदरणीय बाई,

आपले कार्ड पोस्टमनने मला वाचून दाखवून मग दिले.

हे पत्र हाताने लिहीत आहे, टाइप करायला देण्यासारखे नाही. मी पाहिले नव्हते, हे खरे. परवा क्लासला सुटी देऊन व्यंकटीला घेऊन बसलो. आधी काळ्या आडव्या काठ्या दिसल्या. मी म्हटले, किडे आहेत. तो म्हणाला, "सर, पापणी हाय तुमची." मग बराच वेळ नुसते पांढरे दिसले. मग पाण्याचा बुडबुडा दिसला, त्याला मी जवळजवळ पेशी म्हणून वहीत काढला होता. आणि मग एकदम 'र' आला. उलटा. शिरोरेषा खाली आणि पोट भलत्याच बाजूला. काचपट्टी मी डावीकडे सरकवली तर तो उजवीकडे पळाला. बाई, मी दुपारभर तेच करत बसलो. व्यंकटी दोनदा जेवायला बोलावून गेला.

मी गणिताचा पदवीधर. आमच्या गावच्या शाळेत सूक्ष्मदर्शक होता, पण कपाटात. आम्ही तो काचेतून पाहिला. कुणी हात लावू दिला नाही. पुढे त्याच शाळेत मी मास्तर झालो, तोवर त्या कपाटाची किल्ली हरवलेली होती. मग भूकंप झाला आणि कपाटही गेले, शाळाही गेली.

हे यंत्र त्यानंतरचे. कांबळी आणि औषधांच्या खोक्यांतून आले, कुणी पाठवले कळले नाही. दसरा जवळ आला होता. औते ढिगाऱ्याखाली होती, बैल गेले होते, पाटावर ठेवायला घरात कुणाकडे काही उरले नव्हते. मग बायकांनी ते यंत्र पाटावर ठेवले. पहिले कुंकू व्यंकटीच्या आईने लावले. पुढे गावाचे पुनर्वसन झाले, शाळा दुसरीकडे गेली, यंत्र कुणीच मागितले नाही. लोक म्हणाले, "मास्तर, तुम्हीच न्या, पोरांना दाखवा." मी आणले. दाखवायचे राहिले. आकृती काढली ती एकदा घाईत डोकावून. ठिपके दिसले, पुस्तकात केंद्रक होते, मी दोन्ही जुळवले.

तरीही देविकाबद्दल माझा नाइलाज आहे. नोट्स छापून वाटल्या आहेत. संचालकानेच चूक कबूल केली तर उद्या प्रत्येक पालक प्रत्येक पान घेऊन येईल. मुलीची एक ओळ सोपी आहे, माझे एक पान अवघड आहे. आपण समजून घ्याल.

जाता जाता एक आनंदाची बातमी. काल एका पालकाने समोरच्या 'अव्वल'च्या नोट्स आणून दाखवल्या. कांद्याची आकृती आमचीच, हुबेहूब. ठिपकेसुद्धा त्याच जागी. उजवीकडे तीन, डावीकडे एक. चोरी उघडी पडली आहे. मी पत्रक छापायला टाकले आहे. गणपतीच्या पहिल्या दिवशी सगळ्या मांडवांतून वाटणार. मथळा आहे, 'ठिपका न् ठिपका आमचा'.

आपला,
वीरेश बेलकुंडे


नांदेड
२६ ऑगस्ट १९९७

श्री. वीरेश बेलकुंडे यांस,

तुमचे हाताने लिहिलेले पत्र मिळाले. अक्षर चांगले आहे, टाइप करून घेत जाऊ नका.

दसऱ्याची हकिगत मी शरणम्माबाईंना वाचून दाखवली नाही. व्यंकटींच्या आईंनी कुंकू लावले ते योग्यच केले. दर दसऱ्याला यंत्र पाटावर ठेवा, फुले वाहा, माझ्या नावाने नारळ फोडा. फक्त कुंकू बुडख्याला लावा. यंत्राचा मान राहील आणि कांद्याचा कांदा राहील. 'र' पळाला तेव्हाची तुमची दुपारही मला समजली. मी बारा वर्षांची असताना माझी तशीच गेली होती. म्हणून हे पत्र पाकिटात घालते आहे, कार्डावर नाही.

आता कामाचे बोलू. 'नाइलाज' हा शब्द मी वाचला आणि सोडून दिला. पण पुढचा मजकूर वाचून माझी खात्री झाली की तुम्ही गणिताचे पदवीधर असलात तरी तर्काचा तास बुडवलेला आहे.

तुमच्या पत्रकाचा नीट विचार करा. ते ठिपके केंद्रक असतील तर ते जगातल्या प्रत्येक कांद्यात आहेत, 'अव्वल'च्या कांद्यातही. मग त्यांनी चोरी केली नाही, त्यांनी विज्ञान लिहिले, आणि तुमचे पत्रक खोटे. चोरी सिद्ध व्हायची असेल तर ते ठिपके फक्त तुमच्याच यंत्रात असायला हवेत. ते फक्त तुमच्याच यंत्रात केव्हा असतील? जेव्हा ते व्यंकटींच्या बोटाचे कुंकू असेल तेव्हा. म्हणजे जे नववीतली मुलगी १७ जुलैला वर्गात म्हणाली तेच तुम्ही आता मांडवामांडवांतून छापून वाटणार आहात, फक्त तिला जिन्यात उभे करून. 'अव्वल' चोर ठरला तर देविका खरी ठरते. देविका खोटी ठरली तर 'अव्वल' साव ठरतो. दोघांनाही खोटे पाडणारा कांदा अजून कुठल्या शेतात पिकलेला नाही.

आणखी एक. कालच्या टपालाने मला 'अव्वल क्लासेस'च्या संचालकांचे पत्र आले आहे. अंबिका नावाच्या विद्यार्थिनीने भरवर्गात विचारले म्हणे, की हे तांबडे ठिपके सरकारी पुस्तकात का नाहीत. त्यांच्या एकाही मास्तरला उत्तर देता आले नाही. त्याच मुलीने त्यांना माझा पत्ता दिला. तिला हा प्रश्न कुणी सुचवला हे मी विचारलेले नाही, कारण मला उत्तर ठाऊक आहे आणि मग पुन्हा एकदा रागवावे लागेल. ते गृहस्थ अत्यंत आदराने लिहितात, 'सदर ठिपके म्हणजे नेमके काय, याचा आपण खुलासा करावा, म्हणजे पुढील आवृत्तीत तसा उल्लेख करता येईल.' त्यांच्या पत्रात 'नम्र' हा शब्द तीनदा आला आहे आणि तिन्ही वेळा खरा वाटतो. देविकाला ते बिनशर्त घ्यायला तयार आहेत, असेही शेवटी लिहिले आहे. पण मुलीला तुमच्याकडेच शिकायचे आहे. का, ते मला कळत नाही. पण तिचे मत मी ऐकते, तुम्हीही सवय लावा.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. देविका मेरिट बॅचमध्ये तिच्या जागेवर बसेल. ती आधी उभी राहून सवाष्णीच्या वाक्याबद्दल माफी मागेल, आवाज मागच्या बाकापर्यंत जाईल असा. मग तुम्ही उभे राहाल, नेत्रिका पुसाल, कांद्याचा पातळ पापुद्रा काढून त्याला रंग द्याल आणि सगळ्या मुलांना पुन्हा रांगेने दाखवाल, या वेळी कांदा वर ठेवून. नोट्समधले ते पान मुलांना स्वतः नव्याने काढू द्या. ज्याला जसे दिसेल तसे. पालकांची भीती बाळगू नका. मुले घरी जाऊन काय दिसले ते सांगत बसली की पालकांना पान विचारायला सवड मिळत नाही, हा माझा अनुभव आहे. सौ. कांदाबाईंचे अक्षर सुंदर आहे म्हणता, तर आकृतीखालची नावे त्यांच्याकडून लिहून घ्या.

'अव्वल'ला द्यायचे उत्तर मी लिहून ठेवले आहे. त्यात एकाच शब्दाची जागा मोकळी आहे: 'सदर ठिपके म्हणजे अमुक'. 'अमुक'च्या जागी 'केंद्रक' लिहायचे की दुसरे काही, ते तुम्ही ठरवायचे आहे. 'केंद्रक' म्हणालात तर मी सत्य तेच लिहीन आणि तेही कार्डावर. दुसरे म्हणालात आणि देविका वर बसली, तर त्यांना सभ्यपणे कळवीन की प्रश्न मूळ लेखकाला, म्हणजे तुम्हाला, विचारावा.

तुमचे लेखी उत्तर, हाताने लिहिलेले आणि सहीचे, बुधवार, ३ सप्टेंबर रोजी दुपारी चारच्या आत माझ्या हातात पडले पाहिजे. चारला वजिराबादची टपालपेटी उघडते आणि 'अव्वल'चे उत्तर त्याच टपालाने जाणार आहे. फोन करू नये, मी घेणार नाही.

चंद्रप्रभा कंधारकर